मापाचा दोरा

१

जून उजाडला की मूल गावच्या त्या गल्लीत एकच काम निघायचं. आया आपापल्या पोरींचे गेल्या वर्षीचे निळे फ्रॉक काखोटीला मारून अंजनाबाईच्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, दुमड उसवून द्या."

अंजनाबाई धोरणी शिवणारीण. शाळेचा फ्रॉक शिवताना ती खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची. पोर वाढली की दुमड थोडी उसवायची, नवी टीप मारायची, की तोच फ्रॉक आणखी एक वर्ष चालायचा. जुन्या दुमडीच्या जागी एक गडद निळी रेघ तेवढी उरायची. त्या रेघा मोजून कोणती पोर किती वाढली हे ती सांगू शकायची. पण कौतुक म्हणाल तर नाव नको. "वाढली बाप्पा. आता देतीन हातात खुरपं," असं पुटपुटत ती मशीनचं पायडल जरा जास्तच जोरात मारायची.

दोन हजार सालच्या जूनमध्ये लोकांचं सगळं आटोपल्यावर तिनं आपल्या धाकट्या लेकीचा, संघप्रियाचा फ्रॉक काढला. पोर नऊ सरून दहाव्यात होती. तिला फ्रॉक घालून समोर उभं केलं, ब्लेड हातात घेतलं आणि खाली वाकून पाहिलं. फ्रॉकचा काठ गुडघ्याखाली दोन बोटांवर होता. गेल्या जूनमध्येही तिथंच होता.

"यंदा उसवाचं कामच नाई," अंजनाबाई हसून म्हणाली. "बरं झालं. राहू दे अशीच."

ती खरोखर खूश झाली होती. पुढं हे हसणं तिला किती वेळा आठवलं, त्याला गणती नाही.

२

तिचं शिवणघर म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी पायाची मशीन, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात कातरणीची पोती. शिलाईतून उरलेल्या त्या कातरणीच्या ती बाहुल्या करायची. मांजरपाटाचं अंग, आत कातरण ठासलेली, काळ्या लोकरीचे केस आणि डोळ्यांच्या जागी ब्लाऊजची बटणं. शेजारची सुलताना बांगड्यांचं दुकान लावत जत्रांमधून फिरायची. चंद्रपूरच्या महाकालीच्या जत्रेत या बाहुल्या तीच विकून आणायची.

टेप होता घरात, पण अंजनाबाई माप दोऱ्यानं घ्यायची. ही तिच्या आईची रीत. माणसागणिक एक जाड पांढरा दोरा. त्याला पहिली गाठ छातीची, दुसरी कमरेची, शेवटची उंचीची. टोकाला त्या माणसाच्या कापडाची चिंधी बांधून दोरा भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. आईनं बजावून सांगितलं होतं, की मापाचा दोरा कधी शिवणात घालायचा नाही. माणूस वाढला की नवा दोरा करायचा आणि जुना उमा नदीत सोडायचा. माणूस गेला, तर त्याचा दोराही नदीत.

तिचा नवरा बापूराव राईस मिलमध्ये कामाला होता. तो यावर हसायचा. "माह्या बापानं छप्पन साली घरचे देव नदीत टाकले, अन् तू दोरे पूजून राह्यली."

"पूजत नाई. जपून ठेवले हायेत," ती म्हणायची.

त्या भिंतीवर पिवळ्या चिंधीचा एक दोरा होता. थोरलीचा, विशाखाचा. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत मुखरू मुकादमाची जीप मिरची तोडायला आंध्रात निघाली, तेव्हा विशाखा तेरा वर्षांची होती. मुखरूची मोजण्याची पद्धत सोपी होती. पोरीला जीपच्या मागं उभं करायचा. मागच्या लोखंडी दांडीच्या वर डोकं गेलं की पुरी मजूर. विशाखाचं डोकं दोन बोटं वर गेलं. ती जीपमध्ये चढत होती तेव्हा बापूराव विडी पेटवायला भिंतीकडं तोंड करून बसला होता.

चैत्रात जीप परत आली, विशाखा आली नाही. "पाणी आणाले गेली ते गेलीच," मुखरू म्हणाला. "कोणासंगं गेली असन, मी काय करू?" तिकडचे पोलीस म्हणाले, तुमच्या गावी तक्रार द्या. इकडचे म्हणाले, तिकडं द्या. मेल्याची खबर नाही, म्हणून दोरा नदीत सोडता येत नव्हता. नवा करायला पोर समोर नव्हती. तो तसाच खिळ्यावर लोंबत राहिला.

३

मोठी बाहुली विशाखा गेल्यानंतरची, नव्व्याण्णवच्या चैत्रातली.

"अंजनाबाई, एक बडी बावली बनवा न," सुलताना म्हणाली होती. "आपल्या पोरीएवढी. तिले फ्रॉक घालून दुकानासमोर उभी करीन. गिऱ्हाईक थांबते."

अंजनाबाईनं संघप्रियाचा दोरा खिळ्यावरून काढला आणि बरोबर त्या मापानं बाहुली बेतली. संघप्रियाच्या फ्रॉकचं निळं कापड उरलं होतं, त्याचा फ्रॉक तिला शिवला, दुमडीसकट. मानेमागची शिवण तेवढी बंद करायची राहिली आणि सुलतानाची गाडी दारात येऊन उभी. दोरा संपला होता. हाताशी मापाचाच दोरा पडला होता. अंजनाबाईनं तो दाभणात ओवला, घाईघाईनं मान शिवून टाकली आणि उरलेलं टोक गाठींसकट, चिंधीसकट आत कोंबलं.

घाईत होते अशी चूक. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचं नव्यानं माप घेतलं आणि विषय मिटवला.

जत्रेतून बाकी सगळ्या बाहुल्या विकल्या गेल्या, ही परत आली. सुलताना हसत सांगत होती, "बाया काय म्हणे माहीत हाय? ही पोरगी कवाची उभी हाय, तिले बसू द्या थोडं. अन् जड किती झाली वो! जाताना काखेत नेली होती, येताना दोघींनं उचलली."

तेव्हापासून बाहुली मधल्या दाराच्या पडद्याशी उभी होती. फ्रॉकचा नमुना म्हणून बरी होती. दोन हजारच्या त्या जूनमध्ये, संघप्रियाचा फ्रॉक पाहून झाल्यावर चारेक दिवसांनी, झाडताना अंजनाबाईचं तिच्याकडं लक्ष गेलं. बाहुलीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर चढला होता.

कापड आटलं असेल, तिला वाटलं. पण तो फ्रॉक कधी पाण्यात पडलाच नव्हता. मग सर्दाव्यानं कातरण फुगली असेल. पुढच्या खोलीत सर्दावा होताच. एवढं मनाशी ठरलं, तशी तिनं हातासरशी बाहुलीची दुमड उसवली, खाली सोडली, टीप मारली. उसवलेले धागे झाडून काढताना तिच्या ध्यानात आलं, की आपण हे काम यंदा पोरीचं केलं नाही, हिचं केलं.

४

पुढच्या जूनमध्ये तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. संघप्रियाच्या फ्रॉकवर एकही रेघ नव्हती. बाहुलीच्या फ्रॉकवर तीन रेघा होत्या. चार बोटं दुमड आता सगळी सुटली होती.

शाळेत दर वर्षी उंची मोजायचे. संघप्रियाच्या कार्डावर तीन वर्षं एकच आकडा होता. गुरुजींना आधी वाटलं, भिंतीवरची पट्टीच कोणीतरी खालीवर चिकटवली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं लाल गोळ्या दिल्या आणि खाण्यापिण्याकडं पाहा म्हणून सांगितलं. आता खाण्यापिण्याकडं कोण पाहत नाही? पोर भाकर खायची, वरण-भात खायची. पण पुढचे दोन दुधाचे दात पडायचं नाव घेत नव्हते. तिची नखं कापल्याचंही अंजनाबाईला आठवेना. कापावी लागतच नव्हती.

बापूराव म्हणाला, "आपल्या घराण्यात बुटके हायेत काही." कोण, ते त्याला सांगता आलं नाही.

संघप्रिया आता सहावीत होती. तिची शाळा रुळाच्या पलीकडं, वर्गातल्या पोरी सायकलनं जायच्या. हिचे पाय पायडलला पुरत नव्हते. पोरी तिला बावली म्हणायला लागल्या. तिला नर्स व्हायचं होतं. एका दुपारी दप्तर टाकून ती मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"आई, मी कवा मोठी होईन?"

"कायची घाई हाय तुले?"

"सगळ्या झाल्या ना वो. मीच काऊन नाई?"

अंजनाबाई मान खाली घालून पायडल मारत राहिली. मशीन थांबल्यावर खोलीत एक बारीक आवाज आला. कोरं कापड कापडाला घासतं तसा. पडद्याशी उभ्या बाहुलीचा एक हात पोटावर होता. सकाळी तो बाजूला लोंबत असेल, नाहीतर नसेल. आपण कशाला लक्षात ठेवतो, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि नवी बॉबिन भरायला घेतली.

५

त्या वर्षीच्या पौषात राईस मिल बंद पडली. बापूराव दिवसभर अंगणात बाजेवर बसून राहायचा. एके दिवशी तिच्याकडं न पाहता म्हणाला, "मुखरू येऊन राह्यला म्हणे. संघूलेबी बारावं लागलं."

"त्याच्या जीपमध्ये? एक गिळली त्यानं, पोट नाई भरलं का त्याचं? का तुमचं?"

"दुसरा कोण येते आपल्या दारी?" बापूराव म्हणाला.

अंजनाबाई आत आली. भर दुपार होती, वीज गेलेली होती, खिडकीतून ऊन मशीनवर पडलं होतं. तिनं भिंतीवरून विशाखाचा दोरा काढला. का काढला हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पडद्याशी जाऊन तिनं दोऱ्याचं टोक बाहुलीच्या टाचेशी पायानं दाबलं आणि दोरा वर ताणला. शेवटची गाठ बरोबर डोक्यावर आली.

गाठीवर बोट ठेवून ती तशीच उभी राहिली. लोकरीचे केस बाहुलीच्या खांद्याखाली उतरले होते. तिनं ते मानेपर्यंतच शिवले होते.

आता उसवायला हवं होतं. मानेमागची शिवण उसवायची, आतला दोरा काढायचा, नदीत सोडायचा, की संपलं. हे बापूरावला सांगायची सोय नव्हती आणि कुणा जाणत्याकडं जायची तिला स्वतःलाच लाज वाटली असती. पण शिवण उसवायला कोणाची परवानगी लागते? ब्लेडसाठी तिनं मशीनचं ड्रॉवर ओढलं. तळाशी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं. भरलेलं, वरचा कागदही न फाटलेलं. नव्व्याण्णवच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तिनंच बाजारातून आणलेलं.

दोरा संपला नव्हता. हे तिला माहीत होतं. जवळजवळ चार वर्षं माहीत होतं. मान शिवताना हे रीळ हातापासून वीतभर अंतरावर होतं, आणि तिनं ड्रॉवर उघडलं नव्हतं. गाठी आत कोंबताना ती मनात म्हणाली होती, हिची वाढ राहू दे इथंच. जीपच्या दांडीपर्यंत नको पोचू दे. आईनं लेकीसाठी असं मागावं, याची तिला आता किळस आली आणि रडूही आलं.

ती ब्लेड घेऊन बाहुलीच्या मागं गेली. केस बाजूला सारले. शिवण कोमट होती. तिनं पहिला टाका कापला.

"आई!" दारात संघप्रिया उभी होती, मानेमागं हात लावून. "इथी काहीतरी टोचून राह्यलं वो."

अंजनाबाईचा हात थांबला. पोरीच्या काळजीनं थांबला, असं म्हणायला तिला आवडलं असतं. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात दुसराच विचार आला. मुखरूची जीप चार दिवसांवर आली होती. आता उसवलं आणि पोर भरभर वाढली तर? जीप जाऊ दे. चार दिवसांनी उसवू.

तिनं ब्लेड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केलं.

६

मुखरू सकाळी आला. वागण्याबोलण्यात साधा माणूस. पाणी मागून प्यायला, बापूरावच्या कमरेची चौकशी केली, मग संघप्रियाला जीपच्या मागं उभं केलं. तिचं डोकं दांडीच्या हातभर खाली राहिलं.

"अव बाई, हे तं तिसरीतली दिसते," तो म्हणाला. "इले काय खाऊ घालता का नाई?"

अंजनाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. तिनं पोरीचा हात धरला आणि तडक शाळेकडं चालायला लागली. रूळ ओलांडून तिला वर्गात बसवलं. वाटेत सगळा वेळ ती मनात घोकत होती, की आता घरी जायचं, शिवण उसवायची, दोरा काढायचा. दुपारच्या आत उमेच्या पाण्यात.

परत आली तेव्हा अंगणात जीप नव्हती. बापूराव बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. ती आत गेली, ब्लेड काढलं आणि वळली. पडदा बाजूला सारलेला होता. पडद्याशी कोणी नव्हतं. जमिनीवर कातरणीचे चार तुकडे दारापर्यंत पडले होते.

"इथली बावली कोठी गेली?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"कोणती बावली?" बापूराव वळला नाही. "मुखरू म्हणे, आत उभी हाय थे मोठी कोण? तिले पाठवता का? मी म्हटलं, पाह्य बाप्पा, तिले विचार."

"कोणाले विचार?"

"मले काय माहीत! मी पाह्यलं नाई. जाताना पाठ दिसली. ओढणी होती डोक्यावर." त्याचा आवाज चिरकला. "मले वाटलं, विशाखा आली."

"अन् मंग तोंड काऊन नाई पाह्यलं तुमी तिचं?"

बापूराव भिंतीकडंच पाहत राहिला. त्याच्या हातातली विडी पेटलेलीच नव्हती.

७

बस स्टँडच्या अलीकडं मुखरूची जीप बाया भरत होती. अंजनाबाई पोचली तेव्हा ती सुटली होती, पण समोर धानाचे ट्रॅक्टर लागल्यामुळं हळू चालत होती. मागं आठ-नऊ बाया गाठोडी मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. अगदी शेवटी, दांडीला धरून, एक पोरगी उभी होती. पाठमोरी. डोक्यावरची ओढणी वाऱ्यानं खांद्यावर आली होती.

निळा फ्रॉक. खाली तीन गडद रेघा.

अंजनाबाई चप्पल टाकून धावली. आता दोन हातांचं अंतर होतं. केस एका बाजूला उडत होते आणि मानेमागं पांढऱ्या जाड दोऱ्याची शिवण दिसत होती, घाईघाईची, तिच्या स्वतःच्या हातची. पहिला टाका तुटलेला होता. तिथून दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं आणि हलत होतं.

"थांबवा!" ती ओरडली. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं असेल असं नाही. बाजूच्या बाईनं मात्र त्या पोरीला सरकून जागा दिली. "बस व माय, कवाची उभी हाय," ती बाई म्हणाली.

पोरीनं मान वळवायला सुरुवात केली. गाल दिसला. गालावर ऊन होतं आणि त्याच्यावर कापडाची वीण नव्हती. मग जीप ट्रॅक्टरच्या पलीकडं गेली.

अंजनाबाई घरी आली तेव्हा संघप्रिया शाळा सोडून उंबऱ्यावर येऊन बसली होती. मानेमागं हात फिरवत होती.

"आई, टोचत होतं ना, थे गेलं," ती म्हणाली. "आता काईच नाई वाटत."

८

चैत्रात मुखरू परत आला. अंजनाबाई त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"यंदा नेली थे तुमची मोठी तिकडच राह्यली," तो म्हणाला. या खेपेला तो गोंधळलेला होता, तिच्याकडं नीट पाहत नव्हता. "दुसऱ्या मालकाकडं गेली, आणखी खाली. म्या अशी मजूर पाह्यली नाई बाई. जेवत नाई, बोलत नाई, बसत नाई. मालक लोक खूश हायेत. अन्..." तो थांबला. "अन् वाढून राह्यली अजून."

"कुठल्या गावी?"

त्यानं हातानं दक्षिणेकडं दाखवलं. गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं.

मिल परत सुरू झाली होती आणि बापूराव पुन्हा कामाला जायला लागला होता. घरात कोणी काही विचारत नव्हतं. सुलतानानं बाहुल्या मागितल्या, तर अंजनाबाईनं कातरणीची पोती उचलून तिच्याच अंगणात नेऊन ठेवली. भिंतीवरचे लोकांचे दोरे ज्याचे त्याला वाटून टाकले. विशाखाचा तेवढा राहिला. आता माप टेपनं घेते, तिनं सांगितलं.

जून उजाडला. आया फ्रॉक घेऊन आल्या, दुमडी उसवून घेऊन गेल्या. सगळ्यांचं आटोपल्यावर अंजनाबाईनं संघप्रियाला समोर उभं केलं. पोर हल्ली काही विचारत नसे. उभं केलं की उभी राहायची, बस म्हटलं की बसायची. तिनं फ्रॉक घातला आणि हात बाजूला सोडले.

अंजनाबाई खाली वाकली. गेल्या जूनपर्यंत गुडघ्याखाली दोन बोटांवर असलेला काठ आता पोटरीवर उतरला होता.

तिनं टेप लावला. पुन्हा लावला. मग सुई ओवली आणि दुमड एक बोट वर घेतली.